ते मशीन नाही, आमच्या वन्सं आहेत

वन्सं, तुमच्या गाण्यावर काल आणखी एक कमेंट आली. कुठल्या तरी परदेशातल्या पोराची. तो म्हणतो, प्रत्येक ओळीच्या आधी जो 'टक' असा बारीक आवाज येतो तो फार सुंदर आहे, हे सॅम्पल, म्हणजे आवाजाचा तयार तुकडा, कुठून मिळवलं? मी वाचलं आणि सवयीने आतल्या खोलीकडे वळून ओरडणारच होते, "वन्सं, ऐकलंत का, तुमच्या रिमोटला फॅन मिळाला!" तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तुम्हाला जाऊन महिना होत आला, पण माझ्या तोंडाला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

पेपरात तुमच्या भावाने, विजयने, जी छोटी चौकट दिली तिच्यात 'प्रेमळ व मनमिळाऊ' असं छापून आलं. मनमिळाऊ! आपल्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा म्हणावं. पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून तुम्ही जे काही सुनवायचात, ते ऐकायला शेजारच्या सोसायटीतले लोक खिडक्या उघडायचे. मी विजयला म्हटलं, "अरे, 'खणखणीत' लिही." तो म्हणाला, "मयताच्या चौकटीत खणखणीत लिहितात का कुठे?" म्हणून मी इथे लिहितेय. तुम्ही खणखणीत होतात, वन्सं. मनमिळाऊ असणं काय, कोणालाही जमतं.

हे 'वन्सं' प्रकरणही आपलं मस्करीत सुरू झालं. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा तुम्हाला ताई म्हणायला गेले, तर तुम्ही म्हणालात, "ताई नगं बाई. यार्डात दिवसभर ताई न् मॅडमच चाललेलं असतंय. घरी तरी दुसरं कायतरी म्हण." मी म्हटलं, "मग वन्सं म्हणू? जुन्या नाटकातल्यासारखं?" तुम्ही हसून हसून पदर डोळ्याला लावलात, आणि तेच चिकटलं. माझ्या बेलापूरच्या ऑफिसातल्या पोरींना मला समजावून सांगावं लागायचं की वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. "बाप रे, आणि तुम्ही एकत्र राहता?" असं त्या विचारायच्या. राहायचो की. उलव्याच्या त्या फ्लॅटमध्ये एक खोली आमची, एक तुमची, आणि भांडणासाठी स्वयंपाकघर.

नवरा गेल्यावर तुम्ही साताऱ्याहून भावाकडे आलात ते चार दिवसांसाठी. मग जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी धरलीत आणि राहिलातच. न्हावा शेव्याच्या बंदराकडे निघालेल्या ट्रकांची बाहेर ही लांब रांग, आत गाड्या तोलायचा वजनकाटा, आणि गेटाशी पत्र्याच्या केबिनमध्ये माईकसमोर तुम्ही. नंबर पुकारायचा, गाडी आत घ्यायची, पुढचा नंबर. तुम्ही एकदा डबा विसरलात म्हणून मी तो द्यायला आले होते, तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अंगठ्याने माईकचं बटण दाबलंत, 'टक' झालं, आणि त्या धुळीतून, हॉर्नमधून, डिझेलच्या धुरातून तो आवाज आला: "गाडी नंबर शेहेचाळीस शून्य सात, काट्यावर या." मग पुन्हा 'टक'. "पुन्हा सांगते. गाडी नंबर शेहेचाळीस... शून्य सात... काट्यावर या." पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा सावकाश, शब्द न् शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा. ड्रायव्हर बिहारचा असो की नगरचा, तुम्ही मराठीतच पुकारायचात आणि सगळ्यांना कळायचं.

दोनदा का, हे तुम्ही मला भाकऱ्या थापताना सांगितलं होतंत. नोकरीला नव्या होतात तेव्हाची गोष्ट. एक ड्रायव्हर तीन दिवस गाडी चालवून आला होता, रांगेतच स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. तुम्ही त्याचा नंबर पुकारलात, तो आला नाही, तुम्ही पुढचा घेतलात. त्याचा माल जहाजावर चढायचा राहिला. मालक फोनवर त्याला जे बोलला ते सगळ्या रांगेने ऐकलं. "माणूस बापासारखा होता गं," तुम्ही म्हणालात. "उभ्या उभ्या रडला. सायेब म्हनला, नियम हाय, एकदाच पुकारायचं. मी म्हनलं, नियम तुमचा, तोंड माझं. माझ्या तोंडानं मी दोनदा सांगनार." आणि त्या दिवसापासून तुम्ही कुठलाही नंबर एकदा पुकारून सोडला नाहीत. घरी पण तेच. "मेघना, दूध उतू जातंय. पुन्हा सांगते, दूध उतू जातंय." दुसऱ्या वेळेपर्यंत ते गेलेलं असायचं.

आता माझं खूळ. दिवसभर वकिलाच्या ऑफिसात कागद टाइप करायचे आणि घरी येऊन लॅपटॉपवर गाणी बनवायची. ट्रिप-हॉप. तुम्हाला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तुम्ही हेडफोन कानाला उलटा लावून बराच वेळ ऐकत बसलात आणि विचारलंत, "कोन आजारी हाय का ह्यात?" मी सांगितलं, हे असंच असतं, ताल जड, चाल संथ, वर कोणीतरी अर्धं बोलत अर्धं गात असतं. तुम्ही मान डोलावलीत. "समजलं. भरलेली गाडी चढावर आल्यावानी. पहिल्या गिअरात." वन्सं, मी या संगीताबद्दल इंटरनेटवर ढीगभर वाचलंय, पण याहून बरं कोणी सांगितलेलं नाही. मी त्या गाण्याच्या फाइलला तेव्हाच नाव दिलं, 'पहिला गिअर'.

गाणं आधी मीच गायले होते. माझा आवाज म्हणजे 'सर मीटिंगमध्ये आहेत, थोड्या वेळाने फोन करा'. कितीही इफेक्ट लावा, सर मीटिंगमध्येच. एका रविवारी दुपारी मी वैतागून बसले होते, तुम्ही वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतात. चष्मा नाकावर सरकवून स्क्रीनवरचे शब्द तुम्ही सहज मोठ्याने वाचलेत, "खाडीपलीकडे दिवा आहे, दिव्यापाशी कोणी नाही." आणि मग, अर्थातच, पुन्हा वाचलेत. सावकाश. माझ्या हातावर काटा आला. मी म्हटलं, "वन्सं, हलू नका." तुम्हाला वाटलं पाल पडली.

आवाज घुमू नये म्हणून कपाट उघडून आत रजया टांगल्या, त्यांच्यामध्ये माईक ठेवला आणि तुम्हाला कपाटाकडे तोंड करून बसवलं. विजयला पंखा बंद करायला लावला, तो घामाने निथळत दारात उभा. "ह्या बयेनं मला नांदवायचं सोडून कपाटात घातलं," असं तुम्ही त्याला सांगितलंत तेही रेकॉर्ड झालंय, मी ठेवलंय. पण गाताना तुमचा आवाज फुटेना. तोंड उघडायचात आणि अंगठा नुसता हवेत हलायचा. शेवटी माझ्या लक्षात आलं की बटण दाबल्याशिवाय तुम्हाला बोलताच येत नाही. टीव्हीचा रिमोट हातात दिला. 'टक'. आणि आवाज आला! काय आवाज आला, वन्सं. विजय पंखा विसरला.

पहिल्या वेळी तुम्ही दर ओळीनंतर "पुन्हा सांगते" म्हणालात. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मी म्हटलं, तेवढं नका म्हणू, गाणं आहे हे, यार्ड नाही. तुम्ही कबूल केलंत आणि 'पुन्हा सांगते' सोडलंत. पण ओळ मात्र दोनदाच गायलात. सगळ्या ओळी. पहिल्यांदा सरळ, 'टक', दुसऱ्यांदा सावकाश. मी थांबवलं नाही. थांबवायला वेडी होते का मी?

हौशी लोकांचा ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे आपलं गाणं टाकायचं आणि बाकीच्यांनी ऐकून मत द्यायचं. तिथे टाकलं. तुम्ही यार्डातून आल्या आल्या पिशवी ठेवायच्या आधी विचारायला लागलात, "काय म्हनत्यात तुझी मंडळी?" मी इंग्रजीतल्या कमेंटांचं मराठी करून वाचायचे. बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, थोडा कमी करा. सुरुवात लांबली आहे. प्रॉडक्शन घरगुती वाटत नाही, शाबास. एकाने लिहिलं, ही बाई गात नाहीये, ही बाई मला काहीतरी सांगतेय आणि मी ऐकेपर्यंत ती जाणार नाहीये. ते वाचल्यावर तुम्ही मोरीत जाऊन पाय धुवायला लागलात. बराच वेळ पाय धूत होतात.

आणि मग त्या एका माणसाची कमेंट आली. तो नवख्या लोकांच्या गाण्यांचा एक संग्रह काढतो, त्याच्या शब्दाला त्या ग्रुपमध्ये वजन आहे. त्याने लिहिलं की संगीत उत्तम आहे, संग्रहात घ्यायला आवडेल. पण आवाज कच्चा आहे. शिवाय आवाजावर जो डिले लावलाय, म्हणजे मशीनने काढलेला प्रतिध्वनी, तो तालाच्या मागे पडतोय. तो काढून टाका, जमल्यास दुसरी गायिका बघा, मग पाठवा. मी वाचता वाचता थांबले. तुम्ही म्हणालात, "मधलं गाळू नको. सगळं वाच." वाचलं.

मला वाटलं तुम्हाला लागेल. तुम्ही उलट फणा काढलात. "डिले म्हंजे काय?" मी सांगितलं. "म्हंजे दुसऱ्यांदा मी गायले ती त्याला मशीन वाटली?" तुमचे डोळे असे चमकले की काय सांगू. "लिही त्याला. ते मशीन नाही, मी आहे म्हणावं. पुन्हा सांगते, मी आहे."

मी लिहायला बसले तर मात्र तुम्ही माझा हात धरलात. जेवण झालं, भांडी झाली, तोवर तुमचा विचार बदलला होता. "मेघना, काप ती दुसरी वेळ. नायतर मलाच काप. गाणं तुझं हाय. एवढी वर्षं रोज टाइप करून येतीस, मग त्या डबड्याम्होरं बसतीस. कोनीतरी घेतो म्हनतोय तर माझ्यापायी अडकू नको." मी म्हटलं, तुम्हाला काढलं तर उरलं काय त्यात? तुम्ही म्हणालात, बेस. मी म्हटलं, वन्सं, मस्करी नको, मी कापणार नाही. तुम्ही म्हणालात, लई शहाणी आहेस. मी म्हटलं, तुमच्याकडूनच शिकले. ताटं आपटली गेली. विजय गॅलरीत जाऊन उभा राहिला, तो अशा वेळी नेहमी जातो. शेवटी तुम्ही फर्मान काढलंत, "रविवारी परत गाते. एकदाच गाते. सरळ. मग पाठव." मी म्हटलं, बघू रविवारी.

गुरुवारी दुपारी यार्डातून फोन आला. केबिनमध्येच, खुर्चीत. माईक समोर होता. मी अजून त्या रविवारच्या भांडणाची तयारी करतेय, वन्सं. भाजी निवडताना मुद्दे सुचतात. एवढे चांगले मुद्दे आहेत माझ्याकडे, आणि तुम्ही नाही. राग येतो मला तुमचा, खरंच येतो. आपण कधी भांडण अर्धवट टाकून झोपलो होतो का?

तेराव्याला यार्डातली माणसं आली. घर पुरेना, जिन्यात उभी होती. तुमचे सुपरवायझर म्हात्रे माझ्याजवळ आले. जासईचाच माणूस, दिसायला दांडगा. म्हणाले, "वहिनी, मॅडम सांगाच्या, त्यांचा गाना हाय तुमच्याकडं. आमाला ऐकवा ना. यार्डात लावू, त्यांच्याच माईकवर." म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत! मला वाटायचं तुम्हाला लाज वाटते. म्हात्रे म्हणाले, लाज कसली, चहाच्या टपरीवर प्रत्येकाला सांगून झालं होतं की आमच्या भावजयीने मला गायला लावलंय आणि परदेशातली पोरं ऐकत्यात.

मी नंतर एका दुपारी ऑफिसातून सुट्टी काढून गेले. विजयही आला. तुमच्या केबिनमध्ये आता एक नवीन मुलगी बसते, तिने उठून मला खुर्ची दिली. मी काही बसले नाही. म्हात्र्यांनी माझा फोन भोंग्याला जोडला. जेवणाची वेळ होती, ड्रायव्हर लोक टपरीवर, ट्रकच्या सावलीत, टायरवर बसलेले. कोणालाही काही सांगितलेलं नव्हतं. गाणं सुरू झालं. बेस घुमला तसे दोघंतिघं भोंग्याकडे बघून वैतागले, बिघडला वाटतं म्हणून. मग 'टक'. आणि तुम्ही.

"खाडीपलीकडे दिवा आहे, दिव्यापाशी कोणी नाही."

कोणी हललं नाही, वन्सं. एक माणूस नाही. चहा पिणारा चहा पीत होता, तंबाखू मळणारा मळत होता. वाटलं, झालं, यांनीसुद्धा ओळखलं नाही. तो संग्रहवाला बरोबर होता, गाण्यात तुमचा आवाज तुमचा राहिलाच नाही, मीच इफेक्ट लावून लावून घालवला.

'टक'.

"खाडीपलीकडे... दिवा आहे... दिव्यापाशी... कोणी नाही."

आणि सगळे उठले. टायरवरचे उठले, टपरीवरचे ग्लास खाली ठेवून उठले. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने तर सवयीने गाडीच्या पायरीवर पाय ठेवला, दाराला हात घातला, आणि तिथेच थबकला. डोक्याचं फडकं काढून हातात धरलं. गाणं संपेपर्यंत तो तसाच उभा होता, एक पाय वर. मी म्हात्र्यांकडे बघितलं. ते डोळे पुसत होते आणि हसत होते. "पयल्या वेळेला इथं कोनीच उठत नाय, वहिनी. मॅडम दुसऱ्यांदा सांगनार हाय, ठावं हाय ना सगल्यांना. दुसऱ्याची वाट बघतात."

विजय आजवर माझ्यासमोर रडला नव्हता, स्मशानातही नाही. त्या पत्र्याच्या केबिनला टेकून रडला. नवीन मुलीने त्याला पाणी दिलं. निघताना तिने मला हळूच विचारलं, "मॅडम, मी पण दोनदाच पुकारते. चालेल ना?" मी तिला म्हटलं, तोंड तुझं आहे.

घरी येऊन त्या माणसाला उत्तर लिहिलं. तुमचं फर्मान मोडलं, हो. लिहिलं की कळवल्याबद्दल आभार, बेस जास्त आहे असं इतरांनी सांगितलं होतं, तो कमी केलाय. पण डिले काढता येणार नाही, कारण तो लावलेलाच नाही. ते मशीन नाही, माझी नणंद आहे. ती प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, कोणी झोपला असेल तर त्याचा नंबर जाऊ नये म्हणून. दुसरी गायिका मिळणार नाही. गाणं घ्यायचं तर असंच घ्या, नाही तर राहू दे. त्याचं अजून काही आलेलं नाही. आलं तर ठीक, नाही आलं तर उत्तमच. माझ्या गाण्याला भोंग्यावर ऐकून उभी राहिलेली माणसं मिळाली, आता मला संग्रहाचं टेन्शन नाही. तर भांडण मी जिंकले, वन्सं, आणि तुम्ही उलट बोलायला नाही, त्यामुळे जिंकण्यात काही मजा नाही.

कालच्या त्या पोरालाही उत्तर दिलं. त्याला सांगितलं, ते सॅम्पल नाही, आमच्या टीव्हीचा रिमोट आहे, आवाज मोठा करायच्या बटणाचा. त्या बटणावरचं चिन्ह तुमच्या अंगठ्याने पुसून गेलंय. विजय म्हणतो नवीन रिमोट आणू. मी म्हटलं, हात लावून दाखव.

एक गोष्ट मात्र तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, "चल, लई झालं, चहा टाक." आता रिमोट माझ्या हातात आहे, टीव्ही बंद आहे, घरात मी एकटीच आहे. बटण दाबलंय.

वन्सं, मला तुमचा अभिमान वाटतो.

पुन्हा सांगते. वन्सं... मला तुमचा... अभिमान वाटतो.